रुमालाखालची गिटार

ऑर्केस्ट्रात गाणारे असतात, वाजवणारे असतात आणि एक नुसता बोलणारा असतो. तो मी. पत्रिकेवर त्याला ‘निवेदक’ म्हणत. गाण्याआधी दोन गोड वाक्यं बोलायची, एवढंच त्याचं काम असं लोकांना वाटतं. खरं काम वेगळंच. तार तुटते, फ्यूज उडतो, गाणारणीला ठसका लागतो, तबलजी चहाला म्हणून जातो तो परत येत नाही. अशा वेळी समोर बसलेल्या माणसांना काही बिघडलंय याचा पत्ता लागू न देता बोलत राहायचं. रिकामी जागा भरणं हा माझा धंदा. दिवसा साताऱ्यात एका कचेरीत टपाल नोंदवायचं आणि संध्याकाळी इस्त्रीचा कोट चढवून बोलायचं, अशी माझी सगळी जवानी गेली. मला त्याचा पश्चात्ताप नाही. कोटाचा थोडा आहे, तो फार उकडायचा.

आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव मुद्दामच सांगत नाही. ते इतकं चाललं की पुढे त्याच नावाचे आणखी दोन-तीन निघाले, आणि त्यांनी कुठे काय गोंधळ घातले त्याचा जाब लोक मला अजून विचारतात. सत्तर ते ऐंशी ही आमची वर्षं. टीव्ही आमच्या भागात अजून पोचला नव्हता. साखर कारखान्यांना बरे दिवस आले होते आणि प्रत्येक कारखान्याच्या गणपतीला ऑर्केस्ट्रा लागायचा. शिवाय जत्रा, गॅदरिंग, एखाद्या सरपंचाच्या मुलाचं बारसं. कुठेही बोलावलं की आम्ही निघालो.

त्या दिवसांची आठवण काढली की मला आधी गाणी आठवत नाहीत, प्रवास आठवतो. टेम्पोत पडद्यांच्या गुंडाळ्या, त्यांवर आम्ही आडवे. पहाट व्हायला आलेली. दोन्ही बाजूंना उसाला तुरे आलेले आणि ते पांढरे तुरे अंधारात आपोआप चालल्यासारखे मागे मागे जाताहेत. कुणी पूर्ण जागं नाही, कुणी पूर्ण झोपलेलं नाही. आणि टेम्पोच्या अगदी मागच्या कोपऱ्यातून, फळीला टेकून बसलेला एक माणूस हलक्या हाताने गिटार वाजवतोय. विजेशिवाय, माईकशिवाय. आदल्या संध्याकाळी स्टेजवर वाजली त्यापेक्षा किती तरी चांगली. मला वाटायचं, हा टेम्पो असाच चालत राहावा, सातारा येऊच नये.

तो माणूस म्हणजे हिंदुराव.

नाव ऐकून तुम्ही हसलात, तसे लोकही हसायचे. ‘आणि गिटारवर... हिंदुराव!’ असं मी म्हटलं की मांडवात खसखस पिकायची. गिटारवाला म्हणजे पुण्या-मुंबईकडचा, केस वाढवलेला, नावाचा अर्थ न कळणारा असा कुणीतरी असायला हवा अशी लोकांची समजूत. आमचा हिंदुराव कराडजवळच्या एका खेड्यातला, चोवीस-पंचवीस वर्षांचा, हडकुळा, तेल चोपडून भांग पाडलेला. त्याचा मामा लष्करात होता. शिलाँगला असताना त्याने बँडमधल्या एका दोस्ताकडून ही गिटार आणली आणि सुटीवर आल्यावर भाच्याला शिकवली. मामाची बदली झाली, गिटार राहिली. पुढचं हिंदुराव रेडिओ ऐकून शिकला.

आमचे मालक म्हणजे मास्तर. त्यांचं साताऱ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते स्वतः अकॉर्डियन वाजवायचे. हिंदुराव घरचा रेडिओ दुरुस्तीला घेऊन आला आणि बोलता बोलता गिटारीचा विषय निघाला. मास्तर म्हणाले, घेऊन ये, ऐकव. पुढच्या खेपेला त्याने आणली आणि दुकानात बसून वाजवली ती मास्तरांकडे पाठ करून, फळीवरच्या मेलेल्या रेडिओंकडे तोंड करून. मास्तरांनी तिथल्या तिथे त्याला घेतलं. तिच्या पोटात एक लहानसा माईक बसवून दिला. पट्टा नव्हता, तर मामाचा जुना लष्करी कंबरपट्टा तिला लावला.

स्टेजवर मात्र हिंदुराव ढोलाच्या मागे, पडद्याला चिकटून बसायचा. मान इतकी खाली की हनुवटी गिटारीच्या लाकडाला लागायची. सुरुवातीला आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. वाजतंय ना, मग झालं. मेढ्याच्या कार्यक्रमात ते अंगाशी आलं.

शाळेच्या पटांगणात कार्यक्रम होता, थंडीचे दिवस. गाणं संपून नुसतं वाद्यांवरचं एक वाजवलं, त्यात सगळी गिटारच. इतकं सुरेख झालं की लोक गप्प बसले. त्या गप्प बसण्यातून एक निवृत्त सुभेदार उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘ही ताटली लावलीया. आमी काय रेडू ऐकला न्हाई व्हय? गिटारवाला कुटं हाय त्यो दाखवा.’ ताटली म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. मी आपलं गोड बोलून सावरायला गेलो, पण बाकीचेही ‘दाखवा, दाखवा’ म्हणू लागले. सुभेदार बॅटरी घेऊन स्टेजवर चढले, ढोलाला वळसा घालून मागे गेले आणि तिथून ओरडले, ‘हाय की रं! पडद्याकडं तोंड करून बसलाय बिचारा!’ सगळं पटांगण हसलं. हसण्यात राग नव्हता, उलट माया होती. पण बॅटरीच्या उजेडात हिंदुरावचे कान लाल झालेले मला दिसले, आणि त्या संध्याकाळी पुन्हा त्याच्या गिटारीतून आवाज निघाला नाही.

इथे एक खंत सांगून टाकतो. ज्यांच्यावर तबकडी लावल्याचा आळ आला, त्या आमची स्वतःची एकही तबकडी निघाली नाही. टेपरेकॉर्डर मास्तरांच्या दुकानात दुरुस्तीला यायचे, जायचे. त्यातल्या एकावर हिंदुरावची गिटार धरून ठेवावी असं कुणाला सुचलं नाही. आज ती ऐकायची तर मला डोळे मिटून पडावं लागतं.

मेढ्याची गोष्ट गावोगाव गेली. सांगलीला एक मोठं मंडळ होतं, त्यांचा गणपतीतला कार्यक्रम आम्हाला पहिल्यांदाच मिळाला होता. त्यांचे अध्यक्ष हळदीचे व्यापारी. ते साताऱ्यात आले असता मुद्दाम दुकानात आले आणि म्हणाले, गिटारवाला पुढे, उभा आणि दिसता पाहिजे, आमच्याकडे संशयाचं काम नको. मास्तरांनी मान हलवली. ते गेल्यावर मला म्हणाले, ‘बापू, ह्याला गणपतीपर्यंत माणसात आण. नाही जमलं तर कोल्हापूरचा तो पोऱ्या घ्यावा लागेल.’ कोल्हापूरचा पोऱ्या आम्ही पाहिला होता. तो गुडघ्यांवर बसून वाजवायचा, उड्या मारायचा, केस उडवायचा. सूर मात्र त्याला ओळख दाखवत नसत.

हिंदुरावला हे सांगितलं तेव्हा तो मामाच्या पट्ट्याच्या बकलाशी चाळा करू लागला. मग म्हणाला, की घरूनही हेच आहे. त्याचे वडील, आबा, जनावरांच्या बाजारात दलाल होते. हेड्या म्हणतात त्याला. बैल घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जमवायचा. आबांनी निक्षून सांगितलं होतं, गणपतीपर्यंत काय तुणतुणं वाजवायचं ते वाजव, त्यातून काही झालं तर झालं, नाही तर गिटार खुंटीला आणि तू बाजारात. ‘बाजार वाईट न्हाई बापू,’ तो म्हणाला, ‘पर तितं गेलो की मी ह्यातनं गेलो.’

मग मी त्याला माणसात आणायच्या उद्योगाला लागलो. आधी काळा चष्मा आणला. म्हटलं, तुला लोक दिसणार नाहीत, मग लाज कसली? त्याला लोक दिसेनात आणि वायरही दिसेना, तो तालमीतच मास्तरांच्या अकॉर्डियनवर कोसळला. मग घेरदार पँट शिवली. ती घालून तो आणखीच आक्रसला. शेवटी मी त्याला माझी धंद्यातली खुबी शिकवली. गर्दीकडे बघवत नसेल तर गर्दीच्या मागे एखादी उंच वस्तू धरायची आणि तिच्याकडे बघत बोलायचं. समोरच्यांना वाटतं, आपल्याकडेच बघतोय.

फलटणला त्याने ती वापरली. पटांगणाच्या टोकाला एक मोठा कडुनिंब होता. हिंदुराव पहिल्यांदाच पुढे उभा राहिला, मान वर केली आणि कडुनिंबाच्या शेंड्यावर नजर लावून वाजवू लागला. मी विंगेत उभा, जीव मुठीत. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, हा पापणीही हलवेना. मग पुढच्या रांगेतल्या एकाने मागे वळून पाहिलं. त्याच्या शेजाऱ्याने पाहिलं. बघता बघता अख्खा समाज स्टेजकडे पाठ करून झाडाकडे बघत बसला. कुणी म्हणालं साप आहे, कुणी म्हणालं बिबट्या. दोघेजण काठ्या घेऊन झाडाखाली गेले. हिंदुराव सगळ्यांच्या पाठीला गाणं ऐकवत होता. त्याला ते बरंच वाटलं असावं, कारण वाजवलं मात्र त्याने फार गोड.

त्यानंतर तो यायचा बंद झाला. गिटार दुकानात, गिटारवाला गायब. पावसाआधीचे दिवस होते. मी कचेरीत रजा टाकली आणि एसटीने कराडच्या जनावरांच्या बाजारात गेलो.

मी बाजार याआधी पाहिला नव्हता असं नाही, पण त्या दिवशी पाहिला तसा नाही. उन्हं उतरली होती. हजारो खुरांनी उडवलेली धूळ वर तरंगत राहिली होती आणि तिच्यातून ऊन सोनेरी होऊन येत होतं. त्या धुळीत शिंगं दिसत, फेटे दिसत, घुंगरांचा आवाज येई आणि माणसांचा येत नसे. कारण सौदे तोंडाने होतच नव्हते. दोघं जण समोरासमोर उभे राहत, एकजण खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकी आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगत. किती बोटं दाबली, कोणती दाबली, त्यावर किंमत ठरे. भोवती कोंडाळं असे, पण भाव दोघांपलीकडे कुणाला कळत नसे. वरून फक्त रुमाल हलताना दिसे.

अशाच एका कोंडाळ्यात हिंदुराव उभा होता. आबांना त्या दिवशी ताप होता म्हणून सौदा तो करत होता. समोर एक थोराड मिशाळ गडी, खिलारी जोडीचा मालक. हिंदुरावचा हात रुमालाखाली, आणि नजर त्या माणसाच्या नजरेत. सरळ. शांत. ओठाच्या कडेला किंचित हसू. समोरचा मान हलवी, हा मान हलवी. याने भुवई उचलली की समोरचा क्षणभर विरघळे. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. अंगाने तोच, पण कुणीतरी दिवा लावल्यासारखा. भोवतीचे पंधरा-वीस जण बैलांकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघत होते.

सौदा झाला, रुमाल निघाला, आणि मी दिसताच त्याची मान पुन्हा खाली गेली. चहाच्या टपरीवर मी त्याला विचारलं, ‘त्या माणसाकडे कसा बघत होतास रे?’

‘बघावंच लागतं बापू. आकडा बोटात असतो, पर खरं त्येच्या तोंडावर असतं.’

‘आणि तुझ्या तोंडाकडे एवढी माणसं बघत होती, त्याचं काही नाही वाटलं?’

‘हात झाकल्याला असतो न्हवं,’ तो म्हणाला. ‘मग काय वाटत न्हाई. वाजवताना हात उघडा असतो. समदं दिसतं.’

समदं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. एसटीत बसलो तेव्हा माझ्या डोक्यात फक्त रुमाल होता.

मास्तर आधी मला वेड्यात काढत होते. मग त्यांनाच हौस आली. सायकलच्या चाकाची तार वाकवून त्यांनी गिटारीच्या दांड्यावर एक कमान बसवली आणि तिच्यावरून रुमाल सोडला, म्हणजे तो तारांना लागणार नाही. डावा हात त्याखाली. हिंदुराव दुकानात मधोमध उभा राहिला, हात रुमालाखाली घातला. बोटं दिसेनात, तेव्हा खाली बघण्यासारखं काही उरलंच नाही. मान आपसूक वर आली. त्याने माझ्याकडे बघितलं, बाजारातल्या त्या नजरेने, आणि वाजवायला लागला. मी टपालातला माणूस, गाण्यातलं मला फारसं कळत नाही. पण मला स्पष्ट वाटलं की हा माझ्याकडे काहीतरी मागतोय आणि मी ते देऊन टाकावं.

पंधरा ऑगस्टला कोयनानगरला कार्यक्रम होता, धरणाच्या कॉलनीत. घाटातून वर गेलो तेव्हा धुकं इतकं होतं की टेम्पोच्या पुढे एकजण कंदील घेऊन चालत होता. मांडवातही धुकं शिरलेलं. दिव्यांभोवती मोठमोठी वलयं, आणि माणसं अर्धी दिसतात, अर्धी नाही. त्या पांढऱ्या ओलसर उजेडात हिंदुराव पुढे आला आणि उभा राहिला. रुमाल हलायला लागला. त्याने एकेक माणूस निवडला, त्याच्या नजरेत नजर घातली, त्याच्याशी एक ओळ वाजवली, सौदा पटला की पुढचा माणूस. मधेच जमीन किंचित हलली. ते तिथलं नेहमीचंच, कॉलनीतल्या कुणी मानही वळवली नाही. आमचा तबलजी मात्र तबला टाकून उभा राहिला. हिंदुरावला काही कळलं नाही. ते संपलं तेव्हा टाळ्या लगेच आल्या नाहीत. धुक्यातून सावकाश आल्या, जणू लोकांना आपण कुठे बसलोय ते आधी आठवावं लागलं. एक इंजिनियरीणबाई नंतर मला म्हणाल्या, तो माझ्याकडे बघून काहीतरी विचारत होता, मी मनातल्या मनात हो म्हणून बसले. मी आयुष्यात शेकडो कार्यक्रम केले. ती संध्याकाळ मला अजून खरी वाटत नाही.

मग काय, रुमालाची हवा झाली. मास्तरांनी पत्रकं छापली, ‘रुमालाखालची गिटार’. कुणी म्हणे त्याला सहा बोटं आहेत, म्हणून झाकतो. कुणी म्हणे मामाने आसामातून मंत्र आणलाय. कार्यक्रम संपला की बाप्ये येऊन हिंदुरावचा डावा हात हातात घेऊन बोटं मोजून जायचे. तो बिचारा मोजू द्यायचा. पुढे उभं राहायला तो आता बिचकत नव्हता. पण टेम्पोत मागच्या कोपऱ्यात बसून वाजवणं त्याने कमी केलं होतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. विचारलं तर म्हणाला, ‘त्यो रुमाल वाजीवतोय बापू, मी न्हाई.’ मी ते हसण्यावारी नेलं.

सांगलीचा दिवस आला. नदीकाठच्या बाजूला मोठा मांडव, रोषणाई, पुढे व्यापारी मंडळी गाद्यांवर, मागे आसपासच्या गावांतून बैलगाड्या जोडून आलेले शेतकरी. अध्यक्ष खूश होते, त्यांनी वेशीपासून आमची पत्रकं चिकटवली होती. आरती व्हायची होती. मी विंगेत कोट चढवत होतो, तेवढ्यात एक उंच म्हातारा माणूस आत आला. डोक्याला पटका, खांद्यावर रुमाल. म्हणाला, मी हिंदुरावचा बाप.

मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं, की बाजारात लोक त्यांना हसत होते, तुमचा रुमाल स्टेजवर नाचतोय म्हणून. आणि हसण्याचंही काही नाही, पण रुमाल कशाला असतो हे त्यांच्या पोराला त्यांनी लहानपणी शिकवलं होतं. विकणारा माणूस काही हौसेने बैल विकत नाही. त्याची नड असते. किती नडला म्हणून किती खाली आला, हे चारचौघांना दिसू नये म्हणून वर रुमाल टाकायचा.

‘नड झाकायला रुमाल असतो,’ आबा म्हणाले. ‘ह्येला कसली नड झाकायची हाय? वाजीवतोय ते चोरीचं हाय का? आज ऐकतो. झाकून वाजीवलं तर उद्याच्या गाडीनं बाजारात घिऊन जातो. तितं तरी रुमाल कामाला यील.’

ते जाऊन पहिल्या रांगेच्या कडेला बसले. मी हिंदुरावला सगळं सांगितलं, लपवण्यासारखं काही नव्हतं. तो एवढंच म्हणाला, ‘कुटं बसल्यात?’ मी दाखवलं. मास्तर मधे पडले. लोक रुमाल बघायला आलेत, अध्यक्ष ऐकणार नाहीत, आबांची उद्या समजूत काढू, असं म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं.

वेळ झाली, मी जाहीर केलं, हिंदुराव पुढे आला. रुमाल पाहूनच लोकांनी टाळ्या दिल्या. त्याने हात आत घातला, पहिले काही सूर वाजवले, नजर रांगेवरून फिरवली, आणि कडेला येऊन ती थांबली. गिटारही थांबली. मग त्याने उजव्या हाताने रुमाल ओढून काढला आणि खांद्यावर टाकला.

मागून ‘आरं, रुमाल घाल की’ असं कुणीतरी म्हणालं. हिंदुराव उघड्या हाताकडे बघत होता. हनुवटी हळूहळू लाकडाकडे चालली होती. मेढ्याचा हिंदुराव परत आला होता. माईक माझ्या हातात होता. आता बोलणं हे माझं कामच होतं. तोंडात वाक्य तयार होतं, चांगलं होतं, लोक हसले असते. मी ते बोललो नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. ती जागा माझी नव्हती, असं काहीसं वाटलं.

तेवढ्यात आबा उठून उभे राहिले. त्यांनी उजवा हात वर केला आणि बोटं दाखवली. उघडी, सगळ्यांसमोर, दिव्याच्या उजेडात.

बाजारातला माणूस हे कधी करत नाही. आकडा उघड्यावर कुणी दाखवत नाही. गाद्यांवरच्या हळदवाल्यांचेही सौदे रुमालाखालीच होत, त्यांना ते कळलं, मागच्या शेतकऱ्यांना कळलं, आणि एवढा मोठा मांडव एकदम त्यांच्याकडे वळला. म्हातारा भर सभेत पोरावर बोली लावत होता. चल, एवढ्यात येतोस का माझ्याबरोबर?

हिंदुरावने मान वर केली. बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याची ती नजर आली, आणि ओठाच्या कडेला हसू आलं. त्याने मान हलवली. नाही. आणि वाजवायला लागला.

आबांनी एक बोट वाढवलं. हिंदुरावने वाजवता वाजवता मान हलवली. नाही. आबांनी दुसरा हात वर केला. लोक एकदा बापाकडे बघत, एकदा पोराकडे. डावा हात उघडा होता, बोटं तारांवरून धावत होती, आणि हिंदुराव त्यांच्याकडे एकदाही बघत नव्हता. मग त्याने बापावरून नजर काढली आणि मांडवाकडे वळवली, रांगेमागून रांग, आणि टेम्पोत पहाटे वाजायचं ते, तेच सगळ्यांसमोर वाजायला लागलं. इतकी वर्षं जे फक्त आम्हा अर्धवट झोपलेल्यांच्या वाट्याला आलं होतं, ते सगळ्या सांगलीला मिळत होतं. मी विंगेत रडलो. मास्तर अकॉर्डियन वाजवायचं विसरले.

आबांनी सगळी बोटं मिटली, हात खाली केले आणि ते बसले. बाजारात बोली सोडून दिली की असंच करतात.

कार्यक्रमाच्या मध्यंतरात मी बाहेर आलो, तर आबा मांडवाच्या दारात भडंगाची पुडी हातात घेऊन निघण्याच्या तयारीत. मी म्हटलं, ‘आबा, थांबा की. हिंदुरावला भेटून जा.’

ते म्हणाले, परतीची गाडी चुकेल. पुडीतले चार दाणे तोंडात टाकले, आणि आतल्या उजेडाकडे पाहिलं. आत लोक हिंदुरावला पुन्हा बोलावत होते.

‘न्ह्यायला आलो हुतो,’ ते म्हणाले. ‘पर माज्या ऐपतीभायेर गेला त्यो.’